तळाला काय घालायचं

मला किळस लवकर येते. कोथिंबिरीच्या जुडीत एक सडका देठ निघाला तरी मी अख्खी पिशवी धुते, आणि कोणी उष्टा चमचा लोणच्याच्या बरणीत घातला की ती बरणी माझ्यापुरती संपली. आमच्या विरारच्या, चंदनसारमधल्या फ्लॅटवर पाहुणे आले की माझा नवरा जितेश हे सगळं तिखटमीठ लावून सांगतो आणि शेवटी हॉलमधल्या काचेच्या टाकीकडे बोट दाखवतो. "आणि हीच मनाली घरात चिखल पाळते!" पाहुणे हसतात. मी चहा ठेवायला आत जाते.

चिखल पाळते हे खोटं नाही. माझी टाकी झाडांची आहे. मासे आहेत त्यात, पण ते आपले शोभेला. माझा जीव पाण्याखाली वाढणाऱ्या झाडांवर. आणि झाडांची टाकी म्हणजे तळ. वर दिवा कुठला, पाणी कसलं, हे नंतर. आधी तळाला काय घातलंय ते बोला. दुकानदार त्याला सबस्ट्रेट म्हणतात, मी तळच म्हणते. लोकांच्या घरच्या टाक्या बघितल्या की मला ढवळून येतं. निळी खडी, गुलाबी खडी, तिच्यात रोवलेला प्लास्टिकचा सांगाडा तोंडातून बुडबुडे सोडतोय, आणि वर मलाच विचारणार, "आमची झाडं का हो जगत नाहीत?" अहो, मुळांनी खायचं काय, रंग? कोणी हौसेने कळंबच्या किनाऱ्यावरून रेती भरून आणतं. दिसते छान, पण तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. व्हिनेगरचे दोन थेंब टाकले की फसफसते. पाणी क्षारांनी जड होतं आणि नाजूक झाडं माना टाकतात. एकदा तळ चुकला की वरून कितीही सजवा, काही उपयोग नसतो.

म्हणून माझा धाकटा भाऊ अल्पेश फोनवर म्हणाला, "ताई, बाबांसाठी तुझ्यासारखी एक टाकी करून दे ना," तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारलं. "करते. पण तळाला काय घालायचं?"

"आपल्या शेताची माती," तो म्हणाला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, आलं.

आमचे बाबा, रामनाथ, वसईच्या खाडीकाठचे शेतकरी. आमचा खाजणातला, खाऱ्या जमिनीचा तुकडा म्हणजे एका अंगाला खाडी, मध्ये मातीचा बांध आणि बांधात लाकडी फळीचं दार. भरतीला फळी खाली, ओहोटीला वर. खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि पावसाचं आत धरायचं, एवढ्यावर तिथला भात उभा असतो. त्या फळीपायी बाबा कधी कुठल्या लग्नात निवांत जेवले नाहीत. भरतीची वेळ झाली की पानावरून उठायचे. आई असेपर्यंत त्यावरून रुसायची. या हिवाळ्यात ते त्याच बांधावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून ते अल्पेशच्या नव्या बंगल्यातल्या हॉलमध्ये, कळ फिरवली की पाठ उचलणाऱ्या पलंगावर आहेत. खिडकीतून दिसते ती शेजाऱ्याची सिंटेक्सची टाकी.

डॉक्टर म्हणाले होते, चालतील, पण त्यांनी मनावर घ्यायला पाहिजे. बाबांनी घेतलं होतं. सकाळ-संध्याकाळ दातओठ खाऊन पाय उचलायचे, घामाने भिजायचे. त्यांना पावसाच्या आधी बांधावर जायचं होतं, बाकी काही नाही. हॉस्पिटलमधून घरी आले त्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर अल्पेशला सांगितलं होतं, "मी उठेपरेंत खाजनाला कोनी हात लावायचा नाय. मंग काय ते बगू." आजूबाजूच्या जमिनींवर इमारती चढल्या होत्या आणि अल्पेशच्या गाडीतून पांढऱ्या कपड्यांतली माणसं हिंडायला लागली होती, तेव्हा हे बजावून सांगणं भाग होतं. अल्पेशने त्यांच्या पायांवर हात ठेवला आणि म्हणाला, "नाही लावणार, बाबा."

आता फोनवर तोच सांगत होता, "रोज विचारतात गं, उधाणाचं पाणी आत शिरलं का, फळी कोण बघतं. डोळ्यांसमोर जरा आपली माती दिसली, हिरवं दिसलं, तर बरं वाटेल त्यांना. मी सांगून पण टाकलंय, ताई खाजणातली माती घेऊन टाकी लावणार म्हणून. खूश आहेत. पण तू जाऊ नकोस हं तिकडे, ऊन फार आहे. मातीची गोणी मी पाठवतो."

माझ्या भावाला माझ्या उन्हाची काळजी! तिथेच माझे कान टवकारायला हवे होते. पण मी आपली गहिवरले होते.

गोणी आली. मी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरलं, सुतळी कापली आणि बघते तर लाल माती.

लाल! नर्सरीत मिळते ती, गुलाबाच्या कुंडीत घालतात ती. आमच्या खाजणाची माती काळपट राखाडी. ओली असताना पायाला अशी धरते की चप्पल मागे राहते, आणि सुकली की वर मिठाची पांढरी साय येते. लावणीच्या दिवसांत आमच्या नखांतून ती निघायची नाही, आई वजरीने टाचा घासून घासून लाल करायची. हा अल्पेश त्याच मातीत गुडघाभर लोळलेला आहे. माणूस खोटं बोलतो हे मी समजू शकते. पण आपल्या मातीचा रंग विसरून खोटं बोलतो? निदान काळी तरी पाठवायचीस, शहाण्या! राग मला नंतर आला. आधी शिसारी आली.

जितेशला म्हटलं जाऊन येते, आणि स्कूटर काढली.

बांधाकडे जाणारी वाट मला ओळखू येईना. एका माणसापुरती पायवाट होती, तिच्यावरून आता डंपर जात होते. ती संपते तिथे उतारावर आमचं शेत दिसायला हवं होतं. तिथे चढ होता. मी चढून वर गेले आणि उभी राहिले.

सगळा भराव. फुटक्या टाइल्स, प्लास्टरचे गठ्ठे, कमोडचं अर्धं भांडं, गंजलेल्या सळ्या. एवढंच असतं तरी मी म्हटलं असतं, इमारतीचा मलबा आहे. पण मलब्याच्या नावाखाली शहराने पोट मोकळं केलं होतं. फुगून फुटलेले डायपर, त्यातून बाहेर आलेला तो जेलीसारखा चिकट लगदा. न्हाव्याच्या दुकानातले केस, गोणीच्या गोणी, पावसाळ्यातल्या गांडुळांसारखे गुंतलेले. कोंबड्यांची पिसं आणि आतडी, त्यांवर माशांचा काळा थर. हॉस्पिटलातले रबरी हातमोजे, बोटं फुगलेले. सगळ्यातून काळं पाणी झिरपत खाली बांधाच्या पायथ्याशी साचलं होतं आणि त्यावर तेलाचा रंगीत तवंग हलत होता. ओढणी नाकाशी धरली तरी वास तोंडातून आत गेला, जिभेवर बसला. मी कडेला गेले आणि ओकले. आणि ओकताना मनात काय आलं, तर आपण आपल्याच शेतात ओकतोय.

"आलीस काय, बाय?"

सॅन्टन अंकल होते. शेजारचा तुकडा त्यांचा. बाबांची आणि त्यांची आयुष्यभर एकाच बांधावर उठबस. ते बांधाच्या राहिलेल्या टोकाला बसले होते. त्यांनी मला पाण्याची बाटली दिली. मी चूळ भरली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"रामनाथ हास्पिटलातून घरी आला ना, तवापासून. दिवसरात गाड्या. पुरुषभर भरलाय. पयल्या गाडीला मी आडवा झालो. डायवर बोलला, मालकाचीच ऑर्डर हाय. मंग तुज्या भावाला फोन लावला. तो बोलला, अंकल, लेव्हलिंग हाय."

"आणि फळी?"

त्यांनी नुसतं खाली बोट दाखवलं. फळी भरावाखाली गेली होती.

"बाबांना सांगितलं का नाहीत?"

"गेलेलो ना सांगायला. बाजूला बसलो. तर मला इचारतो, सॅन्टन, फळी बगतोस ना रोज? नि पाय वर करून दाखवतो मला, बग, एवडा उचलतो आता." सॅन्टन अंकलनी तोंडावरून हात फिरवला. "मी बोललो, बगतो. काय करू, बाय? शब्दच नाय निघाला."

माझाही निघाला नसता.

तिथून मी थेट अल्पेशच्या बंगल्यावर गेले. तो फाटकाशीच भेटला, गाडीला टेकून. मी म्हटलं, "शेतात जाऊन आले." त्याचा चेहरा पडला नाही. त्याने इकडेतिकडे बघितलं, मला गाडीच्या पलीकडे नेलं आणि हळू आवाजात म्हणाला, "तुला सांगितलं होतं ना जाऊ नकोस म्हणून."

"तू पायांवर हात ठेवला होतास त्यांच्या."

"अगं, तो भराव नाही, लेव्हलिंग आहे. सगळेच करतायत. बाजूचा प्लॉट वर आणि आपला खड्ड्यात, उद्या कोण विचारेल आपल्याला?"

"लेव्हलिंग? डायपरने? केसांनी?"

"ते गाडीवाले टाकतात गं मध्ये मध्ये. त्यावर मुरूम पडला की काही दिसत नाही." बोलता बोलता त्याने खिशातून छोटी बाटली काढली आणि हातांना सॅनिटायझर चोळायला लागला. एकेक बोट, नखांच्या कडा, मनगट. मी त्या हातांकडे बघत राहिले. माझ्या सख्ख्या भावाच्या हातांची मला किळस आली, आणि ती लपवायची मला गरज वाटली नाही.

"मी बाबांना सांगणार आहे," मी म्हटलं.

"सांग." तो शांत होता, म्हणजे त्याने हे आधी घोकून ठेवलं होतं. "सांग, आणि मग उद्यापासून ते पाय उचलतात का बघ. ते कशासाठी उठायला बघतायत तुला माहीत आहे. डॉक्टरांनी काय सांगितलंय तेही माहीत आहे. पडून राहिले की छातीत पाणी होतं, संपला विषय. तुला ते डोक्यावर घ्यायचंय? घे." मग आवाज मऊ केला. "त्यापेक्षा टाकी कर, ताई. लाल माती चुकली माझी. तुझ्या दुकानात काळी मिळते ना? ती टाक. बाबांना काय, काळं दिसलं की झालं."

एखाद्याच्या तोंडून घाण बाहेर पडते आणि तिच्यात खऱ्याचा एक दाणा असतो, तेव्हा काय करायचं ते मला कळत नाही. बाबा पाय उचलायचे थांबले तर? हा प्रश्न त्याने माझ्यात असा रुतवला की मला तो उपटता येईना. मी आत न जाताच परत फिरले. आतून बाबांचा आवाज येत होता, व्यायाम करताना आकडे मोजत होते.

आणि मी दुकानात गेले. हो, गेले.

माझ्या टाकीचं सामान मी विरारच्या ज्या दुकानातून घेते, तिथला जॉयल मला ओळखतो. त्याने काळ्या मातीची पिशवी काउंटरवर ठेवली. भाजलेल्या मातीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या, बाहेरच्या देशातून येतात. "धुवायची नाही हं ताई, दाबायची पण नाही. चुरडली की चिखल होतो. नाहीतर टेन्शन नाही. वास नाही, घाण नाही, दोन आठवड्यांत हिरवंगार!" मी पिशवी घेतली. वास नाही, घाण नाही. मला दुसरं काय हवं असतं एरवी?

घरी आल्यावर मी काचेच्या पेल्यात मूठभर गोळ्या घेतल्या, पाणी घातलं आणि जॉयलने करू नका सांगितलं होतं तेच केलं. बोटांनी चुरडलं. काळपट राखाडी चिखल झाला. अगदी तसाच. पेला खिडकीशी धरला तरी फरक दिसेना. जितेश मागून बघून म्हणाला, "अरे वा, हे तर तुमचं खाजण झालं." त्याला मी सगळं सांगितलं होतं, तरी तो असं म्हणाला, कारण ते दिसतच होतं तसं. "कर की मग," तो म्हणाला. "म्हातारा माणूस आहे. कोणाचं वाईट होतंय?"

मी मनातल्या मनात टाकी लावून बघितली. तळाला ही काळी माती, वर लांब पात्यांची झाडं, भाताच्या रोपांसारखी दिसणारी. बाबा बघतील. मला म्हणतील, जवळ आन. मग हात पाण्यात घालतील, बोटांवर माती घेतील आणि कपाळाला लावतील. लावतीलच. पहिली नांगरणी असो की शेवटची कापणी, खाजणात उतरताना त्यांनी मातीचं बोट कपाळाला लावलं नाही असं मी कधी पाहिलेलं नाही. ते पिशवीतल्या गोळ्यांचा चुरा कपाळाला लावतील, आणि मी बाजूला उभी राहून हसत बघणार.

तेव्हा मला जी किळस आली, तशी शेतातले डायपर बघूनही आली नव्हती. ती माझीच होती, आणि मला धुता येण्यासारखी नव्हती. पेल्यातला चिखल मी बेसिनमध्ये ओतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादल्या घेऊन परत शेतावर गेले. सॅन्टन अंकल घमेलं आणि फावडं घेऊन आले. कशाला ते त्यांनी विचारलं नाही. निवडायचं नाही, असं मी ठरवलं होतं. जे जसं आहे तसं. फावडं लागेल तिथे मारायचं आणि वर येईल ते भरायचं. फावडं अडकलं तिथे मी हाताने ओढलं. हातमोजे आणले होते, पण तिथे तेच एवढे पडलेले होते की ते घालायची मला लाज वाटली. डायपरचा गार लगदा बोटांमधून निघाला. केसांचा एक झुपका मनगटाला गुंडाळला गेला. दोनदा उबळ आली, दोन्ही वेळा मी गिळली.

"बाय," सॅन्टन अंकल बादलीवर झाकण दाबत म्हणाले, "त्याला काय झाला तर?"

"मला माहीत नाही, अंकल," मी म्हटलं. ते खरंच होतं.

बंगल्यावर पोचले तेव्हा अल्पेश बाहेर गेला होता. त्याची बायको खुशी घरी होती. तिने बादल्यांकडे बघून नाकाला पदर लावला. "ताई, हे काय? हे हॉलमध्ये?" मी म्हटलं, "अल्पेशनेच सांगितलंय शेताची माती आणायला. विचार त्याला." ती फोन घेऊन आत गेली.

बाबा पाठ उचलून बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "माती आनलीस?"

"आणली, बाबा."

"खाजनातलीच ना?"

"खाजणातलीच."

रिकामी टाकी अल्पेशने आधीच पलंगासमोर स्टँडवर मांडून ठेवली होती, नवी कोरी, काचेवरची स्टिकरं अजून तशीच. मी बादलीचं झाकण काढलं. वास हॉलभर पसरला. बाबांच्या नाकपुड्या हलल्या. मी काचेत पहिलं घमेलं ओतलं. टाइलचे तुकडे काचेवर खणखणले. मग दुसरं. प्लास्टर, केस, पिसं, लगदा, एक रबरी मोजा. मी प्रत्येक घमेलं नीट पसरत होते, एरवी पसरते तसंच, मागे जाड थर, पुढे पातळ. शेवटी वरून बादलीभर पाणी सोडलं. चुना विरघळून पाणी दुधाळ झालं, मग राखाडी. थर्माकोलचे दाणे वर आले, त्यांच्याभोवती तेल फिरायला लागलं. मोज्यात पाणी शिरलं आणि तो तळातून उठून काचेला येऊन टेकला.

मी ओढणीने काच बाहेरून पुसली आणि बाजूला झाले.

बाबा बघत राहिले. मग हनुवटी हलायला लागली आणि त्यांनी ती हाताने दाबून धरली.

"सगळीकडं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"खोल किती?"

"पुरुषभर. सॅन्टन अंकल म्हणाले."

"फळी?"

मी नाही अशी मान हलवली. ते हात पुढे करतील म्हणून मी टाकीजवळ गेले. त्यांनी हात पुढे केला नाही. दोन्ही हात त्यांनी चादरीखाली घेतले.

तेवढ्यात अल्पेशची गाडी आली. खुशीने बोलावून घेतलं असणार. तो दारातूनच ओरडत आला, "ताई, वेड लागलंय का तुला? पेशंटच्या खोलीत ही घाण? खुशी, माणसाला हाक मार, उचला हे, आधी उचला!" त्याने टाकीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. भरावाच्या गाड्या तो फोनवरून मागवत असे. तो माल इतक्या जवळून त्याने पाहिला नसावा.

"कोनी उचलायची नाय," बाबा म्हणाले.

"बाबा, अहो वास—"

"जेवायची वेळ झाली ना? खुशी, पानं वाढ. माजंबी नि त्याचंबी. हितं."

"इथे?" खुशी म्हणाली. "बाबा, आत टेबलावर—"

"हितं."

असा आवाज त्यांनी आजारपणात एकदाही काढला नव्हता. खुशीने भात, आमटी आणि तळलेले बोंबील वाढून आणले. बाबांचं ताट त्यांच्या मांडीवरच्या पाटावर ठेवलं. अल्पेशसाठी मी खुर्ची ओढली, टाकीच्या समोर, काचेपासून हातभर अंतरावर. तो माझ्याकडे बघत होता. मी नजर काढली नाही.

"बस," बाबा म्हणाले. तो बसला.

"जेव."

त्याने भात कालवला. कालवत राहिला. एक घास तोंडात घातला आणि तो या गालातून त्या गालात फिरायला लागला. काचेआड तो मोजा हळूहळू वळला आणि फुगलेली पाच बोटं त्याच्या तोंडासमोर आली. अल्पेशच्या कपाळावर घाम आला. त्याचा हात तोंडाकडे गेला.

"काय झाला?" बाबांनी विचारलं.

"नाही जात, बाबा," तो कसाबसा म्हणाला.

"आख्खं शेत गिळलंस," बाबा म्हणाले. "ते गेलं. घास नाय जात?"

घास अल्पेशच्या गालात तसाच होता. खुशी दाराशी उभी होती, मी टाकीजवळ.

बाबांनी चादरीखालून हात काढला, भाताचा घास केला आणि टाकीकडे बघत तोंडात घातला. ते चावत राहिले, चावत राहिले. त्यांच्या गळ्याचा मणी वर गेला, तिथेच थांबला, पुन्हा खाली आला. त्यांचाही घास जात नव्हता.